एकच फेटा

फुटबॉलच्या मॅचला मध्यंतर झालं की भूपालआण्णा चौगुले मैदानाच्या कडेला मांडी घालून जेवायला बसायचे. चणे-फुटाणे नव्हेत, रीतसर जेवण. पितळेचा डबा सोडायचा, तांब्यातल्या पाण्यानं हात धुवायचे, भाकरीचा तुकडा मोडून दह्यात बुडवायचा आणि सगळं मैदान बघत असताना सावकाश चावत बसायचं. आण्णा जैन. सूर्य मावळला की तोंडात अन्न घालायचं नाही हा घरचा नेम. मॅच संपवून घर गाठेपर्यंत दिवेलागण व्हायची, म्हणून काकू डबा बांधून द्यायच्या. इथवर कुणालाही समजेल. पण आण्णांनी त्या नेमाला स्वतःची एक पुरवणी जोडली होती. मध्यंतराला आपलं सांगलीचं कॉलेज मागं असेल तर डबा सोडायचा नाही. मग तो तसाच घरी परत जायचा आणि आण्णा उपाशी झोपायचे.

त्यामुळे त्या डब्याकडे आमच्या टीमइतकंच लोकांचं लक्ष असायचं. उशिरा आलेला माणूस गोल किती झाले हे विचारायचाच नाही, आण्णा जेवतात का तेवढं बघायचा. कोल्हापूरची मंडळी तर मुद्दाम आण्णांच्या जवळ येऊन, 'आण्णा, आज उपास का वो?' म्हणून विचारून जायची. घरी काकू दारातच डबा हातात घ्यायच्या. जड लागला की त्या रात्री नवऱ्याशी फारसं बोलायचं नाही हे त्यांना ठाऊक होतं.

मी मूळचा आष्ट्याचा. कॉलेजसाठी सांगलीत आलो तेव्हा आण्णांच्या हळदीच्या वखारीमागे एक खोली होती, तिथं मी आणि म्हादू पाटील राहायचो. म्हादू बॅक खेळायचा आणि टीमचा पुढारी होता. मी हाफ खेळायचो. आण्णांनी आम्हाला खोली दिली ती आम्ही फुटबॉल खेळतो म्हणून. त्याआधी एका हुशार, पहिल्या वर्गात पास झालेल्या मुलाला त्यांनी नाही म्हटलं होतं, कारण तो बॅडमिंटन खेळायचा.

दिसायला आण्णा बुटके आणि गोल. काळी टोपी, लांब कोट, बाराही महिने काखेत छत्री. हळदीत उभा जन्म गेल्यामुळे तळहात कायमचे पिवळे झालेले. कांदा, बटाटा, जमिनीखालचं काहीही खायचे नाहीत. एकदा मी खोडी काढली, की आण्णा, हळद पण जमिनीखालीच येते. त्यांनी माझ्याकडे दयेनं बघितलं आणि म्हणाले, "वाळली की ती जमिनीची ऱ्हात न्हाई, बाजाराची हुती."

खेळ त्यांना कितपत कळायचा हे मी आजही सांगू शकत नाही. ऑफसाइड हा प्रकार तर त्यांना अखेरपर्यंत पटला नाही. पोरगं पुढं गेलं म्हणून शिट्टी वाजवायची हा त्यांना सरळ सरळ अन्याय वाटायचा. "फुडं जायालाच तर आलाय त्यो," असं ते रेफ्रीला छत्री दाखवून सांगायचे. पण कॉलेजची पहिली मॅच झाली तेव्हापासून ते येत होते, त्यांच्याइतका जुना पाठीराखा दुसरा नव्हता. आणि आमच्याकडे थोरल्या माणसाला मान असतो. मॅचच्या आधी गोलच्या खांबापाशी नारळ फोडायचा तो आण्णांनी.

दुसराही एक मान होता. आमच्या पाठीराख्यांत निम्मी अधिक माणसं तालमीतली. त्यांनी तालमीच्या रीती तशाच उचलून फुटबॉलात आणल्या होत्या. तालमीत नवा वस्ताद आला की तालमीतल्या सर्वांत थोरल्या माणसानं त्याला फेटा बांधायचा, की झाला तो आपला. फुटबॉल शिकवणाऱ्यालाही तसाच फेटा बांधायचा असं ठरलेलं होतं. अडचण एवढीच, की आम्हाला शिकवायला कुणी नव्हतंच. गणिताचे प्राध्यापक शिट्टी घेऊन उभे राहायचे, आणि त्यांना फेटा बांधावा असं कुणाच्या मनात आलं नाही.

लढाई संपली त्या सालची ही गोष्ट. कोल्हापूरच्या कॉलेजबरोबर आमची वर्षातून एकदा कपाची मॅच व्हायची आणि आम्ही ती हरायचो. पेठेतले कापडवाले नानासाहेब हे आमच्या पाठीराख्यांचे म्होरके. उंच, गोरे, कोटाच्या खिशात साखळीचं घड्याळ. 'सांगलीची इज्जत' हे शब्द त्यांच्या तोंडात आल्याशिवाय त्यांचं बोलणं पुरं व्हायचं नाही. त्यांनी कॉलेजचा पिच्छा पुरवून एक नावाजलेला माणूस आणायचं ठरवलं. कॅप्टन लोबो. गोव्याचे, पलटणीतून नुकतेच सुटलेले, मुंबईत गोऱ्या शिपायांच्या टीमांना पाणी पाजलेले. त्यांचा फोटो वर्तमानपत्रात छापून आला होता. तो कापून नानासाहेबांनी दुकानात काचेच्या चौकटीत लावला. लुगडं घ्यायला आलेल्या बायकांनाही तो आधी दाखवला जायचा.

सांगली नुसती नाचायला लागली. कृष्णेच्या घाटावर, न्हाव्याच्या ओट्यावर, हळदीच्या सौद्यात दुसरा विषय नव्हता. कप ठेवायला कॉलेजात कपाट करून घ्यावं की काचेची पेटी, यावर दोन जाणत्या माणसांत हातघाईची वेळ आली. तालमीची मंडळी तेवढी जरा धुसफुसत होती. त्यांनी फोटो निरखून बघितला होता तो कानांसाठी. मातीत घासून घासून पैलवानाचे कान फुटतात, आणि जुन्या वस्तादाची ओळख ती. लोबोसाहेबांचे कान लहान मुलासारखे गुळगुळीत होते. असल्या कानाचा वस्ताद काय शिकवणार, असं तालमीत दोन दिवस चाललं. शेवटी नानासाहेबांनी जाऊन समजावलं, की फुटबॉलात कानाचं काही काम नसतं.

आण्णा मात्र या सगळ्यात गप्प होते. कुणी फारच छेडलं तर आपलं ठरलेलं वाक्य बोलायचे. "पेव उघडल्याबिगर भाव करू नये." हळद साठवायला आमच्याकडे जमिनीत खोल खड्डे असतात, त्यांना पेव म्हणतात. आत हळद भरून तोंड लिंपून टाकायचं. मग आत सोनं आहे की कीड हे पेव उघडेल त्या दिवशीच कळतं. आण्णांचा सगळा जन्म लिंपलेल्या तोंडाकडे बघत थांबण्यात गेला होता. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला जळजळ होतेय, कारण साहेबाला ठरवलं ते नानासाहेबांनी.

लोबोसाहेब आले त्या दिवशी स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती. हलग्या कडाडत होत्या. साहेब डब्यातून उतरले. उंच, सावळे, डोक्यावर हॅट, हातात पत्र्याची ट्रंक. गळ्यात हार पडले, ते नाकापर्यंत आले. मग नानासाहेबांनी तबक पुढं केलं. त्यात हळदीच्या रंगाचा जरीकाठी फेटा होता. दुकानातला सर्वांत भारी. "आण्णा, या. तुमचा मान," असं म्हणून त्यांनी वाट करून दिली. आम्ही खेळाडू एका ओळीत उभे होतो, त्यामुळे पुढचं मी अगदी जवळून पाहिलं. आण्णा आले. साहेबांना हात जोडले. फेट्यावर हात ठेवला, आणि तबक नानासाहेबांकडे परत सरकवलं.

"ह्यो आज न्हाई बांधायचा," ते म्हणाले.

नानासाहेबांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, की लोकांसमोर हे काय चालवलंय.

"येताना माणूस नुस्ता आल्याला असतो, नाना. केल्यालं काय नसतं. फेटा जाताना बांधत्यात."

हलग्या थांबल्या. मागून कुणीतरी, म्हातारा कोल्हापूरला फितूर झालाय असं म्हणालं, आणि ते खूप जणांना एकदम पटलं. थोरल्यानं नाकारलेला फेटा दुसऱ्या कुणी बांधायचा नाही, ही तालमीची रीत. त्यामुळे तबक हातात धरून नानासाहेब तसेच उभे राहिले. साहेबांनी म्हादूला हिंदीत विचारलं, काय म्हणतात. म्हादूनं जमेल तसं सांगितलं. लोबोसाहेब मोठ्यानं हसले, काढलेली हॅट परत डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "बरोबर सांगता तो. मागीर बघुया." गोव्याचं ते 'मागीर', म्हणजे मग, पुढं सांगलीत सगळ्यांच्या तोंडी बसलं.

त्यानंतर पेठेत आण्णांना राम राम बंद झाला. सौद्यात अडते त्यांना ऐकू जाईल असे टोमणे मारायचे. नानासाहेबांनी निरोप पाठवला, की यापुढं नारळ दुसरं कुणी फोडेल. पुढच्या मॅचला आण्णा स्वतःच्या खर्चानं नारळ घेऊन गोलच्या खांबापाशी वेळेआधी जाऊन बसले, मांडी घालून. त्यांना उचलून बाजूला ठेवायची कुणाची छाती झाली नाही. मला त्या काळात आण्णांचा राग यायचा. एवढा मोठा माणूस आमच्यासाठी आलेला, आणि आमच्याच घरमालकानं त्याचा अपमान केला, असं वाटायचं. मी तसं बोलूनही दाखवलं. त्यावर ते म्हणाले, की अपमान साहेबाला वाटला तर साहेब बोलेल, तू त्याचा वकील हाईस का. पुढं मी खरोखरच वकील झालो, तेव्हाही हे वाक्य त्यांनी मला ऐकवलं.

लोबोसाहेबांनी येताच आमच्या पायात बूट घातले. तोवर आम्ही अनवाणी खेळायचो. आमच्याकडचे सगळेच तसे खेळायचे, आणि अनवाणी पायाला चेंडू कसा कळतो हे सांगायला मी आजही तयार आहे. बूट घातल्यावर आमचे पाय आम्हालाच परके झाले. चेंडू मारायला जावं तर जमीन उकरायची, पळायला जावं तर एकमेकांच्या पायात अडकायचं. टाचा सोलून निघाल्या. साहेब मायाळू नव्हते. दमलो म्हटलं की आणखी एक फेरी. कुणी बूट काढून ठेवले तर ते स्वतः गुडघ्यावर बसून त्याचे बंद बांधून द्यायचे, आणि त्यात माया असायची की शिक्षा हे आम्हाला कळायचं नाही. एवढं मात्र दिसत होतं, की आमच्या आधी मैदानावर येणारा आणि आमच्यानंतर जाणारा तो एकटा माणूस होता.

आम्ही हरायला लागलो. मिरजेकडून हरलो. ज्यांना आम्ही अनवाणी पायांनी खेळवून हरवायचो त्या इस्लामपूरच्या पोरांकडूनही हरलो. आण्णांचा डबा दर मॅचला भरलेलाच घरी जायला लागला. आता सांगलीची तऱ्हा बघण्यासारखी होती. ज्या तोंडांनी साहेबाला डोक्यावर घेतलं होतं त्याच तोंडांनी लोक म्हणायला लागले, की बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकल्या आणि शर्यत घालवली. बेचाळीसच्या चळवळीत भिंतींवर कोळशानं लिहायचा हात सगळ्यांना बसलेलाच होता. एके सकाळी कॉलेजच्या भिंतीवर 'लोबो चले जाव' उमटलं. नानासाहेबांच्या दुकानातली चौकट कधी निघाली ते कुणी पाहिलं नाही, पण भिंतीवर चौकोन तेवढा राहिला होता.

कपाची मॅच पंधरवड्यावर आली तेव्हा एका दुपारी नानासाहेब दहा-बारा माणसं घेऊन वखारीत आले. मी आणि म्हादू मागच्या खोलीत होतो. स्टेशनचा प्रकार झाल्यापासून नानासाहेबांनी त्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता. आता ते पोत्यावर बसले, पाणी घेतलं, आणि मोठ्या मनानं म्हणाले, की आण्णा, तुम्हीच खरे ठरलात. आमचं चुकलं. उद्या सगळे मिळून प्रिन्सिपॉलकडं जाऊ, मॅचच्या आधीच साहेबाला रजा द्यायला सांगू. पुढं तुम्ही चालायचं. तुमचा मान तुम्हाला परत. नारळही तुमचा.

मला वाटलं, आता आण्णा टोपी नीट करून उठणार. एवढे दिवस पेठेचे टोमणे खाल्ले होते, आता त्यांचा दिवस उजाडला होता. ते खरंच उठले. पण उठून त्यांनी वखारीचं दार पूर्ण उघडलं, म्हणजे त्या मंडळींना जायला सोपं जावं.

"मी त्याला वाईट कवा म्हणलो? पेव बंद हाय, एवढंच म्हणलो. अजून बंदच हाय. तुमी तवा बंद पेवाचा भाव चढवला, आता बंद पेवाचाच पाडताय. आमच्या धंद्यात ह्याला येडं म्हणत्यात, नाना."

एकजण म्हणाला, की आण्णा, पोरांचे पाय सोलून निघालेत.

"मग? तुमी वाजत-गाजत सून आणली. म्या म्हणलं, जरा थांबा. थांबला न्हाईसा. आता पैली भाकर करपली म्हून तिला म्हायेरला धाडताय व्हय? मी वरातीत नव्हतो. पर घरात आल्याली सून आता माझीबी सून हाय. मी येत न्हाई."

नानासाहेब लाल झाले. त्यांनी तिथंच सांगितलं, की मग कपाच्या मॅचला सांगलीचा एक माणूस जाणार नाही. एक हलगी वाजणार नाही. जो जाईल त्याच्याशी पेठेचा संबंध तुटला. बहिष्कार हा शब्दही तेव्हा सगळ्यांच्या ओठावर तयार असायचा. आण्णा म्हणाले, "बरं झालं. मोटारीत जागा तरी मिळंल." मंडळी गेल्यावर म्हादूनं जाऊन आण्णांचे पाय धरले. त्यावर ते खेकसले, की पाय धरू नको, पाय चालव.

कॉलेजनं साहेबांना काढलं नाही, पण एवढं कळवलं, की कप आला तर राहा, नाही तर ट्रंक भरा. साहेबांनी आम्हाला ते लपवलं नाही. त्यांनी फक्त दुसऱ्या दिवशी एक फेरी वाढवली.

मागल्या साली सांगलीत दगडफेक झाली होती, म्हणून ती मॅच साताऱ्यात ठेवली होती, दोघांनाही परकं मैदान. आम्ही कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं निघालो. पेट्रोल तेव्हा मिळत नव्हतं. मोटारीच्या पाठीला भट्टी लावलेली, चढ आला की खेळाडूंनी उतरून ढकलायचं. आष्ट्याला पाणी भरायला थांबलो तेव्हा आण्णांनी टपावरून एक गाठोडं उतरवून उघडून बघितलं. आत हलगी होती. वाजवणारा कुणी आला नव्हता, म्हणून ती त्यांनी स्वतःच आणली होती. हलगी वाजवणं त्यांना बापजन्मात येत नव्हतं. साताऱ्यात त्यांनी ती वाजवली तेव्हा कुणाच्या घरी पत्रा कोसळतोय की काय असं लोकांना वाटलं.

मैदानाच्या एका बाजूला कोल्हापूरची माणसं, हलग्या, झेंडे, गुलालाची पोती. दुसऱ्या बाजूला आण्णा. छत्री, डबा, हलगी. एवढीच आमची बाजू. नारळ मात्र त्यांनी खणखणीत फोडला.

साताऱ्याचं मैदान मुरमाड. तिथं बुटांनी प्रथमच आमचे पाय धरले. आमच्या सोललेल्या टाचा कातडं धरून घट्ट झाल्या होत्या आणि फेऱ्या मारून मारून छातीत दम आला होता. आम्ही पळत होतो. कोल्हापूरकरांना ते अपेक्षित नव्हतं. पण त्यांचा एक चांगला गडी आमच्या गोलीला चकवून गेला, आणि मध्यंतराला आम्ही एका गोलनं मागं होतो.

बक्षीस द्यायला बोलावलेले पाहुणे उशिरा आल्यानं मॅच उशिरा सुरू झालेली. साताऱ्यात यवतेश्वराच्या डोंगराआड सूर्य लवकर जातो. अर्धं मैदान सावलीत गेलं होतं. आम्ही कडेला येऊन बसलो. लोबोसाहेब आमच्यासमोर उभे होते. काही बोलणार होते, पण त्यांचं लक्ष आमच्या मागं गेलं आणि ते थांबले. आम्ही वळून बघितलं. आण्णा डबा सोडत होते.

त्यांनी हात धुतले. भाकरी मोडली. कोल्हापूरच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, की आण्णा, विसरला काय, तुमी मागं हाय. आण्णांनी घास तोंडात घातला, नीट चावून गिळला, आणि त्या बाजूला बघून म्हणाले, "ठावं हाय. आज भूक लागलीया."

मग त्यांनी अर्धी भाकरी, तीवर दही आणि जवसाची चटणी, असं पानावर घेतलं आणि उठून लोबोसाहेबांपुढं धरलं. "खावा साहेब. मग दिवस मावळंल." साहेबांनी ते घेतलं आणि उभ्याउभ्या खाल्लं. मी म्हादूकडे बघितलं तर तो बुटाचे बंद बांधत होता, बांधलेलेच परत बांधत होता, आणि त्याचे डोळे भरले होते. माझेही भरले होते, ते सांगायला मला लाज वाटत नाही.

दुसऱ्या अर्ध्या वेळात आम्ही जसे खेळलो तसे पुन्हा कधी खेळलो नाही. म्हादूनं मारलेला एक चेंडू खांबाला लागून परत आला. तो आत जायला हवा होता. नाही गेला. आम्ही एका गोलनं हरलो. आदल्या साली किती गोलनं हरलो होतो ते मोजायचं आम्ही सोडून दिलं होतं, पण कपाला असलं काही कळत नाही.

आम्ही माना खाली घालून मोटारीकडे निघालो. आण्णा आडवे आले. मान वर करा, चोरी केल्याली न्हाई, असं म्हणून त्यांनी हलगी गळ्यात अडकवली आणि पुढं चालू लागले. मोटार जवळ होती, तरी त्यांनी आम्हाला राजवाड्यावरून वळसा घालून नेलं. पुढं हलगी बडवणारे आण्णा, मागं साहेब, मागं धुळीनं माखलेले आम्ही. दुकानदार बाहेर येऊन विचारायचे, कोण जिंकलं. "कोल्हापूर," असं आण्णा मोठ्यानं सांगायचे आणि आणखी जोरात हलगी बडवायचे.

लोबोसाहेबांना रजा मिळाली. ते जाणार त्या दिवशी आण्णा सकाळीच नानासाहेबांच्या दुकानात गेले. मी बरोबर होतो. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं. आण्णांनी त्या दिवशीचा तोच फेटा मागितला. नानासाहेबांनी कुणासाठी म्हणून विचारलं नाही. ते आत गेले, बराच वेळ बाहेर आले नाहीत, मग कागदात बांधलेला फेटा घेऊन आले आणि गादीवर ठेवला. स्टेशनवर ते आले नाहीत. सांगलीचं कुणीच आलं नाही. आम्ही खेळाडू होतो आणि आण्णा.

आण्णा बुटके आणि साहेब उंच. शेवटी साहेब स्वतःच्या ट्रंकेवर बसले, हॅट काढून मांडीवर घेतली, आणि आण्णांनी त्या पिवळ्या हातांनी एकेक पेच घट्ट बसवत फेटा बांधला. हमाल कामं सोडून बघत राहिले. पेवाची गोष्ट म्हादूनं साहेबांना कधीच सांगितली होती. बांधून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आण्णासाब, पेव खुला?"

"उघडलं," आण्णा म्हणाले. "माल चोख हाय."

साहेब उठले आणि पलटणीत करतात तसा कडक सलाम त्यांनी केला. सलामाचं काय करायचं ते आण्णांना समजेना, म्हणून त्यांनी छत्री दुसऱ्या काखेत घेतली. गाडी सुटल्यावर खिडकीतून तो पिवळा फेटा लांबवर दिसत होता.

पुढच्या साली आम्ही कप आणला. शिकवायला नवा माणूस होता, पण पायांत तेच बूट होते आणि छातीत त्याच फेऱ्या. सांगलीत गुलालानं रस्ते लाल झाले. नानासाहेब तबकात नवा कोरा फेटा घेऊन आण्णांपुढं आले, की आता तरी ह्या नव्या माणसाला बांधा, आता तर केलेलं आहे. आण्णा त्या दिवशी भरपेट जेवलेले होते आणि खुशीत होते. तरीही त्यांनी तबक परत सरकवलं. "फेटा एकच हुता, नाना. दिलाय," एवढंच ते म्हणाले. त्या गर्दीत साहेबांचं नाव घेणारे ते एकटेच होते, आणि तेही त्यांनी नाव न घेता घेतलं.

मी वकिली करायला साताऱ्यात राहिलो. काही वर्षांनी एका सकाळी म्हादूचा माणूस निरोप घेऊन आला, की आण्णा गेले. पोचलो तेव्हा वखारीसमोर माणसं जमली होती. म्हादू होता, आता गावाकडं ऊस करायचा, डोक्याला फेटा. आमच्या टीममधले बाकीचेही होते. आण्णांना बाहेर आणून ठेवलं होतं. त्यांच्या थोरल्या मुलानं ती काळी टोपी आणली आणि डोक्यावर ठेवायला वाकला, तेव्हा म्हादू पुढं झाला आणि त्यानं त्याचा हात धरला. स्वतःच्या डोक्यावरचा फेटा त्यानं उतरवला आणि उलगडला. मुलाला काही कळेना. आण्णांनी जन्मात स्वतःच्या डोक्याला फेटा बांधला नव्हता, असं तो म्हणाला.

बांधायचा कुणी, हा प्रश्न आमच्यातल्या कुणालाच पडला नाही. थोरल्यानं बांधायचा. आम्ही सगळ्यांनी मागं वळून बघितलं. नानासाहेब काठी टेकत भिंतीशी उभे होते, खूप थकलेले. म्हादूनं फेटा त्यांच्या हातात दिला. ते खाली बसले, आमच्यातल्या दोघांनी आण्णांची मान उचलून धरली, आणि नानासाहेब पेच घालू लागले. मुलानं पुन्हा विचारलं, की हे कशासाठी.

"जाताना बांधत्यात," नानासाहेब त्याला म्हणाले, आणि शेवटचा पेच त्यांनी घट्ट खोचला.